पाहणारे किती आणि करून पाहणारे किती?



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर अकरावीतला एक विद्यार्थी हातात मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. चेहरा आनंदाने फुलला होता. "सर, अठरा हजार लोकांनी पाहिलं!" तो म्हणाला. मुलगा हाताने काही ना काही करणारा आहे हे मला ठाऊक होते. सुटीपूर्वी त्याने तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक सेल, दोन सेफ्टी पिना आणि एक चुंबक यांची विजेची मोटर केली होती. तिची चित्रफीत त्याने यूट्यूबवर टाकली होती. महिन्याभरात ती ४१ जणांनी पाहिली आणि त्यांतले निम्मे त्याच्याच वर्गातले होते. बिचारा हिरमुसला होता.

नव्या चित्रफितीचे नाव होते 'मोफत वीज'. संगणकातला जुना पंखा, त्याच्याभोवती चिकटवलेली चुंबके आणि शेजारी एक छोटा दिवा. पात्याला बोटाने टिचकी मारली की पंखा फिरू लागतो, दिवा लागतो आणि दोन्ही चालूच राहतात. मी विचारले, "ऊर्जा कुठून येते रे?" तो हसला. फळी उलटी करून त्याने खाली लपवलेली ९ व्होल्टची बॅटरी दाखवली. "गंमत म्हणून केलं, सर. असले व्हिडिओ खूप चालतात."

गंमत म्हणून मीही कदाचित सोडून दिले असते. पण त्याने मला आलेला एक निरोपही दाखवला. जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले होते, "भावा, माझ्या विहिरीवर तीन एचपीची मोटर हाय. तिच्यासाठी हे केवढं मोठं करावं लागंल?"

आम्ही दोघांनी तिथेच गणित केले. अशा बॅटरीची क्षमता साधारण अर्धा अँपिअर-तास असते. ९ व्होल्ट गुणिले ०.५ म्हणजे ४.५ वॅट-तास, अर्थात १६,२०० जूल. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून तीन अश्वशक्तीचा पंप सेकंदाला २,२३८ जूल ऊर्जा वापरणार. बॅटरीतली सगळी ऊर्जा हवी तेवढ्या वेगाने बाहेर काढता आली असे मानले, तरी त्या शेतकऱ्याचा पंप जेमतेम सात सेकंद चालला असता. उत्तर लिहिल्यावर मुलाचे हसू मावळले. ज्या भागात पाण्याच्या प्रत्येक बादलीचा हिशेब करावा लागतो, तिथला माणूस त्याच्या 'गमती'वर आशा लावून बसला होता.

आज सातारा-सांगलीच्या कोणत्याही गावात एखाद्या मुलाने काही बनवले, रंगवले किंवा कोरले, तर तो ते मोबाइलवर टिपून जगासमोर ठेवू शकतो. ही फार चांगली गोष्ट आहे. आपली कृती लोकांनी पाहावी या इच्छेत गैर काहीच नाही. मायकेल फॅरडे हे त्यांच्या काळातले अग्रगण्य शास्त्रज्ञ. तरीही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानमाला त्यांनी १९ वर्षे दिल्या. प्रेक्षक त्यांनाही हवेच होते. तेव्हा प्रश्न प्रेक्षक हवेत की नकोत हा नाही. कोणते हवेत आणि ते कसे मोजायचे, हा आहे.

प्रथम मोजमापाकडे पाहू. समजा, तुमची चित्रफीत तुमच्या ५० मित्रांनी पाहिली आणि त्यांच्यामुळे आणखी २५ नव्या लोकांपर्यंत ती पोचली. म्हणजे प्रत्येक पाहणाऱ्यामागे सरासरी अर्धा नवा पाहणारा मिळाला. पुढच्या फेरीत साडेबारा, मग सव्वासहा. ही बेरीज करीत गेलात तर ती १०० च्या जवळ जाऊन थांबते. आता हे गुणोत्तर ०.५ ऐवजी ०.९ धरा, बेरीज ५०० होते. ०.९९ धरा, ५,००० होते. सूत्र सोपे आहे. १ मधून गुणोत्तर वजा करा आणि येणाऱ्या संख्येने पहिल्या ५० ला भागा. गुणोत्तर १ च्या पुढे गेले, तर पाहू शकणारे लोक संपत येईपर्यंत आकडा वाढतच राहील. अणुभट्टीतली शृंखला-अभिक्रिया टिकणार की विझणार, हेही अशाच एका गुणोत्तरावर ठरते.

यातली खोच ध्यानात घ्या. ०.९० आणि ०.९९ यांत फरक अवघा नऊ शतांशांचा, पण बेरीज दहापट. आणि तो फरक कशाने पडतो? त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता की नाही, एखाद्या मोठ्या माणसाने ती पुढे पाठवली की नाही, चित्रफितीचे नाव किती चमचमीत आहे, अशा गोष्टींनी. शिवाय कोणापुढे काय ठेवायचे हे यूट्यूबची संगणकीय यंत्रणाही ठरवते. चित्रफीत किती जणांनी उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला ती २०१२ पासून अधिक महत्त्व देऊ लागली. पण पाहणारा शिकत होता म्हणून थांबला की फसत होता म्हणून, हे त्या मिनिटांवरून कळत नाही. श्वासानेही हलणारा तराजू भाजी मोजायला कोणी घेत नाही. पाहणाऱ्यांचा आकडा हा तसाच तराजू आहे. तो चुकीचा नाही, पण त्याने तुमच्या कामाचे वजन कळत नाही.

मग मोठी प्रसिद्धी मिळते ती नेहमी फसवणुकीने का? मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी जुन्या गाड्यांच्या भंगारातून छोटी जीप तयार केली. खर्च सुमारे ६०,००० रुपये आणि सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून! दुसऱ्याच कोणी काढलेली तिची चित्रफीत डिसेंबर २०२१ मध्ये देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली. गाडी रस्त्यावरच्या नियमांत बसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण कल्पकतेचे कौतुक करून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळालीही.

या घटनेतून बरेच जण धडा घेतात तो असा, की एक चित्रफीत चालली की नशीब उघडते. मला वेगळा धडा दिसतो. प्रसिद्धी आली तेव्हा दाखवायला खरी वस्तू होती. ती गावच्या रस्त्यावर धावत होती आणि कोणीही जाऊन तिच्या खाली वाकून पाहू शकत होता. चित्रफीत चालणे योगायोगाचे होते. जीप चालणे योगायोगाचे नव्हते.

देवराष्ट्र्यापासून जवळच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथला इतिहास या बाबतीत जास्त शिकवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे या नांगराने महाराष्ट्राची शेते उलथली. हा प्रेक्षकवर्ग भाषणाने जमला नाही. नांगर आत किती शिरतो आणि माती कशी उलटते, हे शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात पाहिले, मगच विश्वास ठेवला. नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत एक तरुण होता, भाऊराव पाटील. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा विक्रेता म्हणूनही त्यांनी काम केले होते. या भटकंतीत त्यांना खेडी आणि माणसे कळली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर ते हेच. लोकांपर्यंत पोचायचे तर आधी लोक माहीत असावे लागतात, ते असे.

१९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती देणे हा त्याचा मूळ हेतू. पण संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी ओळखले, की नुसत्या जाहिराती कोणी आवडीने वाचत नाही. वाचकाला उपयोगाचे, विचार करायला लावणारे काही द्यायला हवे. त्यांनी ते दिले आणि कारखान्याच्या त्या पत्रकाचे पुढे मराठीतले एक नामवंत मासिक झाले. आज ज्याला 'चॅनेल वाढवणे' म्हणतात, त्याचा हा आपल्याच मातीतला धडा आहे. मागण्याआधी द्या.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या अरविंद गुप्तांचे घ्या. ते आयआयटी कानपूरचे अभियंते. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून त्यांनी मुलांना भूमिती हाताळायला दिली. अशा काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे मूल दोन मिनिटांत बोटांनी समजून घेते. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतल्या विज्ञान केंद्रात त्यांनी २००३ पासून अकरा वर्षे काम केले. तिथे टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती तयार झाल्या, मराठीसह अनेक भाषांत गेल्या आणि सर्वांसाठी फुकट ठेवल्या गेल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रफितींत भपका नसतो. दोन हात दिसतात, वस्तू दिसते आणि पुढची पायरी दिसते. पाहणाऱ्याला करून पाहता आले पाहिजे, एवढीच अट असते.

माझे म्हणणे हेच आहे. हाताने काही करणाऱ्याने पाहणारे मोजू नयेत, करून पाहणारे मोजावेत. विज्ञानातही हाच नियम आहे. तुमचा प्रयोग किती जणांनी ऐकला याला किंमत नाही. दुसऱ्याने तो स्वतंत्रपणे केला आणि त्याला तेच उत्तर आले, तर तो खरा.

यावर माझ्या विद्यार्थ्याने घेतलेला आक्षेप रास्त होता. "सर, पण पैसे तर पाहणाऱ्यांवरच मिळतात ना? आणि कोणी पाहिलंच नाही, तर करून कोण बघणार?" खरे आहे. चित्रफितीचे नाव नीट द्यावे, उजेड भरपूर असावा, आवाज स्वच्छ असावा, पहिल्या अर्ध्या मिनिटात वस्तू चालताना दिसावी. हे कौशल्य आहे आणि ते शिकण्यात कमीपणा नाही. ज्यांचे घर त्यावर चालते त्यांना आकड्यांकडे पाहावेच लागते. पण तुमचे वय शिकण्याचे आहे. या वयात आकडा मालक झाला, तर तो प्रथम तुमच्या हातातले काम बदलतो आणि मग तुम्हाला.

म्हणून माझ्या काही सूचना. वस्तूची फळी उलटी करून खालची बाजूही दाखवा. मापे सांगा. तार किती जाडीची, वेढे किती, खर्च किती. काय बिघडले तेही सांगा, कारण पाहणाऱ्याचेही तिथेच बिघडणार आहे. कल्पना कोणाची होती त्याचे नाव घ्या. आपल्या बोलीत बोला, सातारा-सांगलीच्या मुलाला सातारा-सांगलीचे मराठी चटकन समजते. टाकण्यापूर्वी वस्तू वर्गात किंवा गावच्या जत्रेत चार अनोळखी माणसांपुढे ठेवा आणि ते काय विचारतात ते टिपून घ्या. घरातल्या मुख्य वीजप्रवाहाशी, आम्लाशी किंवा आगीशी खेळ नको. पालकांना सांगितल्याशिवाय काही टाकू नका आणि आपला पत्ता, शाळा, फोन नंबर दाखवू नका.

त्या मुलाने काय केले? 'मोफत वीज' त्याने काढून टाकली. शेतकऱ्याला खरे काय ते लिहून कळवले आणि माफी मागितली. मग आपली पहिली मोटर त्याने पुन्हा काढली. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की जुन्या चित्रफितीत मुख्य गोष्टच राहिली होती. त्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो. वेटोळ्याच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, पण दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे नुसते झुलत राहते. अर्धाच लेप काढला की त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळे आपल्याच वेगाने पुढे जाते. नव्या चित्रफितीत त्याने हे खरवडणे अगदी जवळून दाखवले.

ती आतापर्यंत ३०० च्या आसपास लोकांनी पाहिली आहे. अठरा हजारांपुढे हा आकडा काहीच नाही. पण नऊ जणांनी मोटर करून तिची छायाचित्रे पाठवली आणि तिघांनी 'फिरत नाही' म्हणून कळवले. त्या तिघांशी त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. हे तिघे त्याचे सर्वांत चांगले प्रेक्षक आहेत, असे मी त्याला सांगितले. त्याला ते पूर्ण पटले आहे असे मात्र दिसत नाही.

तुम्ही ही मोटर करून पाहा. एक टोक पूर्ण खरवडा, दुसरे अर्धे. फिरली तर शेजारच्या मुलाला करायला शिकवा. न फिरली तर का फिरली नाही ते शोधा आणि तेच दाखवा.