मोत्याचा चौक आणि पाचवं आरमार

अरब देशांतल्या उठावांचा विषय निघाला की कँटीनच्या टेबलावर दोन पार्ट्या पडतात हे ठरलेलं. एक म्हणते, "ही अमेरिका, हे ब्रिटन, फ्रान्स... सगळीकडे नाक खुपसतात." दुसरी म्हणते, "अहो, तिकडे माणसं मरतायत आणि ही लोकशाहीवाली मंडळी नुसती बघत बसलीयेत!" गंमत म्हणजे पुष्कळदा एकच माणूस लीबियाबद्दल पहिलं वाक्य बोलतो आणि सीरियाबद्दल दुसरं. मला वाटतं इथे प्रश्नच चुकलाय. पाश्चात्त्य सरकारांनी "दखल द्यावी की देऊ नये" असं विचारताना आपण धरून चालतो की ती कुंपणाबाहेर उभी राहून आत डोकावतायत. ती कुंपणाबाहेर नव्हतीच कधी.

उदाहरण म्हणून २०११ च्या मार्चमधला एकच आठवडा घेऊ. (तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा दहावी-बारावीच्या पेपरांत अडकले असतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.) १७ डिसेंबर २०१० ला ट्युनिशियात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि वणवा पसरला. १४ जानेवारीला तिथले बेन अली देश सोडून पळाले. ११ फेब्रुवारीला इजिप्तमध्ये ३० वर्षं ठाण मांडून बसलेले मुबारक गेले. फेब्रुवारीच्या मध्यावर बहरीन आणि लीबिया जवळजवळ एकदमच पेटले.

बहरीन म्हणजे आखातातलं एक चिमुकलं बेट. राजघराणं सुन्नी, बहुसंख्य प्रजा शिया. राजधानी मनामामध्ये एक मोठा चौक होता. सहा उंच कमानदार खांब, जहाजांच्या शिडांसारखे, आणि त्यांच्या टोकावर एक मोती. आखातातल्या सहा देशांच्या संघटनेची परिषद १९८२ मध्ये तिथे भरली, त्याची ही आठवण. सहा खांब म्हणजे ते सहा देश. याच चौकात लोकांनी तंबू ठोकले. निवडून आलेलं सरकार हवं आणि राजाच्या अधिकारांना लगाम हवा, अशी मुख्य मागणी होती. पुढे काहीजण थेट राजाच नको म्हणायला लागले हेही खरं.

१२ मार्चला अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स मनामात होते. सुधारणांची पावलं जरा मोठी टाका, असा सल्ला देऊन ते परत गेले. १४ तारखेला समुद्रावरच्या पुलावरून सौदी सैन्याच्या गाड्या बहरीनमध्ये शिरल्या, सोबत अमिरातीचे पोलीस. व्हाइट हाऊसने सांगितलं, याला आक्रमण म्हणता येणार नाही. १६ ला चौक बळाने रिकामा केला गेला. १८ ला सरकारने तो मोत्याचा मनोराच पाडून टाकला, ज्या सहा देशांच्या दोस्तीसाठी तो बांधला होता त्याच दोस्तांचं सैन्य गावात असताना! ५०० फिल्सच्या नाण्यावर त्या मनोऱ्याचं चित्र होतं, ते नाणंही चलनातून काढून घेतलं.

आता याच आठवड्यातली दुसरी तारीख. १७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला : लीबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय. १९ ला विमानं उडाली. त्या मोहिमेत पुढे अमिरातीची विमानंसुद्धा होती! म्हणजे एका बेटावर उठाव चिरडायला पोलीस आणि दुसऱ्या देशात उठाव वाचवायला विमानं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

फरक कशाचा होता? त्या चौकापासून काही किलोमीटरवर, जुफेर भागात, अमेरिकेच्या नौदलाच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे. मी काही कटकारस्थानाच्या थिअऱ्या मांडत नाहीये, यात लपवाछपवी काहीच नव्हती. गद्दाफींचा मात्र कुणालाच भरवसा नव्हता.

कुणालाच म्हणजे, तसा थोडे दिवस होता म्हणा! २००४ मध्ये टोनी ब्लेअर त्यांना तंबूत जाऊन भेटले होते. डिसेंबर २००७ मध्ये सार्कोझींनी त्यांना पॅरिसला बोलावलं, तेव्हा पाहुण्यांसाठी सरकारी बागेत तंबू उभारला होता. आमेसिस नावाच्या फ्रेंच कंपनीने त्यांना अख्ख्या देशाच्या इंटरनेटवर नजर ठेवणारी यंत्रणा विकली. त्यावरून फ्रान्समध्ये पुढे फौजदारी चौकशी लागली. (आणि लीबियाच्या पैशांच्या प्रकरणात सार्कोझींना स्वतःला सप्टेंबर २०२५ मध्ये गुन्हेगारी कटाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी अपील केलं, ते वेगळं.) म्हणजे बेंगाझीच्या लोकांवर आधी ज्यांच्या यंत्रणेने नजर ठेवली जात होती, त्यांच्याच देशाची विमानं नंतर त्यांना वाचवायला आली. बेंगाझीच्या लोकांनी मदत मागितली नव्हती असं मी म्हणणार नाही, त्यांच्या जिवाला धोका होताच. पण तो धोका फुगवून सांगितला गेला, असं २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्याच परराष्ट्र समितीने लिहून ठेवलंय.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे इजिप्तच्या गोष्टीतला एक भाग मला कायम टोचतो. २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर इजिप्तचं इंटरनेट बंद झालं. केबल वगैरे काही तोडली नाही हो, कंपन्यांनी आपापले रूट मागे घेतले आणि देश जगाच्या नकाशावरून दिसेनासा झाला. नूर नावाची एक कंपनी चार दिवस चालू होती, कारण शेअर बाजार तिच्यावर होता! व्होडाफोनने, म्हणजे मुख्यालय ब्रिटनमध्ये असलेल्या कंपनीने, सरकारी हुकूम पाळला. इतकंच नाही, सरकारच्या बाजूचे एसेमेससुद्धा तिच्या नेटवर्कवरून लोकांच्या मोबाइलवर गेले. आणीबाणीच्या कायद्यामुळे नाइलाज होता, असा खुलासा आणि निषेध तिने नंतर केला. इकडे तहरीर चौकात पोरं अश्रुधुराची रिकामी नळकांडी उचलून बघत होती, तर त्यावर "मेड इन यूएसए". वर्षाला १.३ अब्ज डॉलरची अमेरिकन लष्करी मदत तर वर्षानुवर्षं चालूच होती.

आणि तोंडाने काय चाललं होतं? २५ जानेवारीला हिलरी क्लिंटन म्हणाल्या, इजिप्तचं सरकार स्थिर आहे. दोन दिवसांनी बायडन म्हणाले, मुबारकना मी हुकूमशहा म्हणणार नाही. त्याआधी बेन अली पळायच्या तीन दिवस अगोदर फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल आलियो-मारी यांनी आपल्या पोलिसांचं कसब ट्युनिशियाला देऊ केलं होतं. हे नुसतं तळ्यात-मळ्यात नव्हतं. जिंकणारा कळेपर्यंत थांबायचं, आणि कळला की त्याच्या हातातला झेंडा धरून फोटो काढायचा.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "स्थैर्य". हे लोक गेले तर धर्मांध येतील, मग काय कराल? भीती खोटी नाही. पण तीस वर्षं रीस्टार्ट न केलेला, एकही पॅच न लावलेला सर्व्हर "बघा किती स्टेबल" म्हणून कुणी दाखवला तर आपण त्याला काय म्हणू? मुबारकच्या तुरुंगांत जे तयार होत होतं ते त्या अपटाइमच्या आकड्यात दिसत नव्हतं, एवढंच.

२०१३ मध्ये सिसींनी निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेव्हा अमेरिकेने त्याला लष्करी उठाव म्हणायचंच टाळलं. कारण तसं म्हटलं की कायद्याने मदत थांबवावी लागते. त्याच १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली, हा ह्यूमन राइट्स वॉचचा आकडा. थोडी शस्त्रं रोखली गेली, ती २०१५ मध्ये पुन्हा सोडली.

सीरियात मात्र माझा मुद्दा लंगडा पडतो. असदना शस्त्रं आणि पैसा पुरवणारे रशिया आणि इराण होते. पश्चिमेने हात काढून घेतले असते तरी दमास्कसमध्ये काही फरक पडला नसता. त्या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण म्हणून इजिप्त आणि बहरीनचं उत्तर अवघड होत नाही. तिथे कुणी बॉम्ब टाका म्हणत नव्हतं. विकताय ते विकायचं थांबवा, देताय ते द्यायचं थांबवा, इतकंच.

आणि आपण? १९७३ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, लीबियातून १५,००० हून अधिक भारतीयांना सुखरूप घरी आणलं आणि गप्प बसला. फार अभिमानाचं नाही, पण निदान लोकशाहीची प्रवचनं तरी आपण दिली नाहीत.

अला अब्देल फतह हे नाव ऐकलंय? आपल्यातलाच, सॉफ्टवेअरवाला, ओपन सोर्सवाला, ब्लॉगर. तहरीरच्या गर्दीतला. २०१३ नंतरची बहुतेक वर्षं त्याची तुरुंगात गेली. शेवटची पाच वर्षांची शिक्षा कशासाठी, तर फेसबुकवर एक पोस्ट शेअर केली म्हणून. २०२१ पासून तो ब्रिटिश नागरिकही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हवामान परिषदेसाठी जगातले नेते इजिप्तमध्ये जमले, तेव्हा त्याने पाणीसुद्धा सोडलं होतं. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी विषय काढला. तो सुटला सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, युरोपीय संघाने इजिप्तसाठी ७.४ अब्ज युरोंचं पॅकेज जाहीर केलं होतं. निर्वासितांच्या बोटी अडवणं हा त्या सौद्याचा एक भाग.

बहरीनच्या अब्दुलहादी अल-ख्वाजा यांच्याकडे डेन्मार्कचं नागरिकत्व आहे. २०११ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी राजाने स्वतः नेमलेल्या बासिउनी आयोगाने कैद्यांचा छळ झाल्याचं लिहून दिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या जौ तुरुंगात शेकडो कैद्यांनी उपोषण केलं, ख्वाजाही त्यात होते. ते उपोषण थांबून काही दिवस होतात न होतात तोच, १३ सप्टेंबरला, वॉशिंग्टनमध्ये अमेरिका आणि बहरीनने नव्या सुरक्षा करारावर सह्या केल्या. मोत्याच्या चौकाच्या जागी आता साधं सिग्नलचं जंक्शन आहे, आणि नावही बदललंय.