टक्कल पडलं, आता दाढी ठेवायची का?

मंडळी, विषय हलका वाटेल, पण आपल्या घराघरांतला आहे. तिशी ओलांडली, कपाळ मागे सरकायला लागलं, की मुलाला सगळे एकच सल्ला देतात, "दाढी वाढव, म्हणजे टकलाकडे लक्ष जाणार नाही." माझं मत सरळ आहे. दाढी शोभत असेल तर जरूर ठेवावी. टक्कल लपवायला म्हणून ठेवू नये.

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतले भिंतीवरचे फोटो आठवा. पणजोबांना पगडी, आजोबांना काळी टोपी आणि दोघांनाही मिशी. त्यातल्या टक्कल कोणाला होतं, सांगता येतं का? सयाजीराव महाराजांच्या तसबिरीतही पगडी आणि मिशीच डोळ्यांत भरते. डोकं झाकलेलं असायचं, त्यामुळे पुरुषाचा सगळा रुबाब मिशीवर. त्या मिशीला अर्थही होता. वडील गेले की दहाव्याला डोक्याबरोबर मिशीही उतरायची. एरवी मिशी असणारा माणूस एकदम सफाचट दिसला, की म्हाताऱ्या बायका काळजीनं विचारायच्या, "घरी सगळं ठीक ना रे?"

पुढे टोप्या गेल्या, डोकी उघडी पडली. टक्कल काही नव्यानं आलेलं नाही, ते फक्त दिसायला लागलं.

माझ्या भाच्याचंच सांगतो. वय 33, मकरपुऱ्याला चांगली नोकरी, डोक्यावर चंद्र उगवलेला. स्थळं सुचवणाऱ्या एका बाईंनी सल्ला दिला, "दाढी भरघोस वाढवा आणि टोपी घातलेला फोटो द्या." त्यानं साफ नकार दिला. मला त्याचं पटलं. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर धरून आपली माणसं ती किती! टोपीचा फोटो बघून इंदूरहून आलेली मंडळी घरात बसली, टोपी उतरली, मग? नकाराचं काही नाही, तो येतोच. पण "फसवलं" हा शब्द चार घरं फिरतो, आणि तो मुलीकडच्यांचा दोष नसतो.

आता दाढीचं. गंमत अशी की आनुवंशिक टकलात ज्या हार्मोनमुळे डोक्यावरचे केस बारीक होत जातात, त्याच हार्मोनमुळे दाढी मात्र भरते. म्हणून टक्कल असलेल्या पुष्कळांना दाढी छान येते. आधी तीन-चार आठवडे वाढू द्या, मग आरशात बघून ठरवा. गालांवर विरळ, ठिगळासारखी येत असेल तर नाद सोडा, नुसती मिशी ठेवा किंवा रोज गुळगुळीत करा. चेहरा गोल असेल तर हनुवटीवर थोडी दाढी बरी दिसते. लांबट असेल तर अगदी बारीक ठेवा. वर चकाचक आणि खाली छातीपर्यंत जंगल, असं केलंत तर चेहरा उलटा बसवल्यासारखा दिसतो! कानांवरचे उरलेले केसही बारीक कापा. आणि ते चार केस एका बाजूनं ओढून टकलावरून फिरवणं तेवढं बंद करा. वारा आला की सगळं उघडं पडतं.

गांधीजींच्या डोक्यावर केस नव्हते, मिशी होती. सरदार पटेलांच्या उतारवयातल्या फोटोंत डोक्यावरही फारसे केस नाहीत आणि मिशीही नाही. दोघांपैकी कोणाचा चेहरा अपुरा वाटतो का? मुळीच नाही.

शेवटचं सांगणं आपल्या वयाच्या लोकांना. लग्नकार्यात मुलगा भेटला की "अरे, केस कुठे गेले?" हा आपला पहिला प्रश्न असतो. आपण हसून पुढे जातो, तो मात्र पुढच्या कार्याला यायचं टाळतो. बाहेरगावी राहून आपली माणसं धरून ठेवायची म्हणतो ना आपण? मग नोकरी विचारा, तब्येत विचारा. दाढीचं तो आणि त्याचा न्हावी बघून घेतील.

तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंत काय दिसतं, पगडी, टोपी, की उघडं डोकं? जरूर लिहा.