हेक्टरी पाच हजार : कोणाचे, कोणाला?

जिल्हा बैठकीसाठी आलेल्या ठरावांत एक मागणी जवळजवळ प्रत्येक तालुक्याची आहे : सोयाबीनचे अर्थसाहाय्य हेक्टरी 5,000 चे 10,000 करा. आमचा या ठरावाला विरोध आहे. का, ते हिशोबानेच सांगतो.

2023 च्या खरिपातील सोयाबीन-कापसासाठी राज्य सरकारने हे पैसे दिले. 20 गुंठ्यांच्या आत सरसकट 1,000, त्यापुढे हेक्टरी 5,000, मर्यादा 2 हेक्टरची. वाटप सुरू झाले 30 सप्टेंबर 2024 ला, म्हणजे पुढचे पीक काढणीला आल्यावर. (विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हा योगायोग समजा!) एकरी 6 क्विंटल उतारा धरला तर हेक्टरी 15 क्विंटल; क्विंटलमागे पडले 333 रुपये. तेवढ्यासाठी ई-पीक पाहणी, आधार, संमतीपत्र, सामाईक खातेदारांची नाहरकत. बटईने करणाऱ्याचे बियाणे, घामही त्याचाच. पैसा सातबारावाल्याच्या खात्यावर.

आता आपल्याकडून काय गेले ते पाहा. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयातीला मोकळी केली. ते बियाणे पेरायला आपल्याला बंदी, पेंड मात्र चालते! ऑक्टोबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क उतरवले. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. पाच महिन्यांत तीन घाव. यालाच शरद जोशी उणे सबसिडी म्हणत.

नुसते तेलावरचे शुल्क वाढवा, असेही काही जण म्हणतात. सोयाबीन नावाला तेलबी आहे. दाण्यात तेल 18 ते 20 टक्के, बाकी बहुतेक पेंड. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या तेलावरचे शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाले. पण जगात पेंडीचे भाव पडलेले होते. हमीभाव 4,892 आणि बाजार 4,100 च्या आसपास रखडला. हेक्टरी तूट जवळपास 12,000. म्हणजे 10,000 मागूनसुद्धा आपण तोट्यातच मागतो आहोत. आणि 30 मे 2025 ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले.

कार्यकर्ते विचारतात, हातात येते ते का सोडायचे? सोडू नका. आपलेच पैसे आहेत, जरूर घ्या. पण संघटनेने ते वाढवून मागितले की भाव पाडायला आपलीच संमती मिळाली, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाडा आणि थोडे वाटा, हा धंदा सरकारला स्वस्तात पडतो.

आमचा ठराव वेगळा आहे. तेल व पेंडीच्या आयातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि त्या पिकाची विक्री संपेपर्यंत बदलू नये. भाव चढला म्हणून वायद्यांना कुलूप लावण्याचा अधिकार सरकारकडे नसावा. सरकारने मध्येच धोरण बदलून भाव पाडला, तर भरपाई हेक्टरवर नको. विकलेल्या क्विंटलवर, आडतीच्या पावतीवर, ज्याने पीक केले त्याला.

तालुकाध्यक्षांनी बैठकीला येताना आपापल्या गावातील 2021 आणि 2024 च्या आडतीच्या पावत्या आणाव्यात. बटईदारांच्या आधी घ्याव्यात. कोणत्याही सरकारी यादीत त्यांची नावे सापडणार नाहीत.