कपाळातला बाऊ

मे महिन्यात गावी निघालो होतो. एस.टी.त आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांची भुणभुण सुरू झाली. मी मोबाईल त्यांच्या हाती दिला आणि वर्तमानपत्र उघडले. “काय गुणी पोर!” शेजारचे आजोबा म्हणाले. मला धन्यता वाटली.

कुंभार्ली घाट लागला. तिसऱ्या वळणावर चिरंजीवांनी कपाळ धरले. चौथ्यावर माझे वर्तमानपत्र आणि विजार दोन्ही कामातून गेली.

गावच्या डॉक्टरांनी उलगडा केला. पडद्यावर खिळलेले डोळे मेंदूला सांगतात, ‘आपण स्थिर आहोत’. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, ‘आपण वळतो आहोत’. या भांडणात बळी जातो पोटाचा! घरीसुद्धा टक लावून पाहताना पापणी कमी लवते, नजर शिणते, डोके दुखते. या वयाला दिवसाकाठी १ तासाहून अधिक पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवले आहे.

“पूर्वी कधी डोकं दुखायचं का याचं?” डॉक्टरांनी विचारले.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. रोज संध्याकाळी मी पेपर तपासायला बसे, तेव्हा मोबाईल देऊन त्याला गप्प करणारा मीच. “बाबा, कपाळात बाऊ झालाय,” तो म्हणे. “झोप आली असेल,” म्हणून मी मोकळा होई.

परतताना मोबाईल पिशवीत आणि चिरंजीव खिडकीशी. घाटभर “बाबा, हे काय? बाबा, ते काय?” चालले होते. वर्तमानपत्राची घडी काही मोडली नाही.