जुन्या लेन्सचे तारणमूल्य

घरातील एखादा तरुण लग्नसमारंभांचे चित्रीकरण किंवा लघुपट करू लागला, की केव्हातरी तो वडिलांपुढे एका जुन्या लेन्सची मागणी ठेवतो. नाव ‘अ‍ॅनामॉर्फिक’, वय चाळीस-पन्नास वर्षे आणि किंमत पुष्कळदा नव्या लेन्सहून अधिक. जुना माल नव्याहून महाग कसा, हा वडिलांचा प्रश्न रास्तच आहे.

या लेन्समधील काच दंडगोलाकार असते. ती दृश्य फक्त आडवे दाबते; उंची तशीच राहते. चित्रपटगृहात तशाच दुसऱ्या लेन्सने ते पुन्हा पसरले, की रुंद पडदा भरतो. १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप जगापुढे आणला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. असे चित्रपट दाखवायचे तर चित्रपटगृहाच्या यंत्रघरात पसरवणारी लेन्स असणे भाग होते. डिजिटल प्रक्षेपण आले, रिळे गेली आणि त्या लेन्स मोडीत निघाल्या. आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेन्समध्ये कोवा, सँकोर, इस्को अशा नावांचा हा माल बराच असतो.

येथेच पहिली सावधगिरी हवी. ही लेन्स प्रक्षेपणासाठी घडवलेली आहे. ती कॅमेऱ्याला थेट बसत नाही; साध्या लेन्सच्या पुढे कड्याने जोडावी लागते, आणि ते कडे बहुधा लेथवर करून घ्यावे लागते. मग दोन्ही लेन्सचा फोकस स्वतंत्रपणे, एकाच अंतरावर जुळवायचा. हळद लावणाऱ्या धावत्या हातांमागे हे जमत नाही. दीड-दोन मीटरच्या आतील वस्तूसाठी पुढे आणखी एक जवळचे भिंग लागते. हा सारा खर्च मूळ किमतीत धरूनच सौद्याला बसावे. एकाच फोकसवर चालणाऱ्या इस्कोरामासारख्या लेन्स सोयीच्या खऱ्या, पण त्यांचा भाव लाखांत जातो.

दुसरा हिशेब गुणोत्तराचा. आजच्या कॅमेऱ्याची चौकट १६:९, म्हणजे १.७८. दुप्पट दाबणारी लेन्स लावून चित्र पसरले की ३.५६ होते, एवढी लांब पट्टी कोणी पाहत नाही, बाजू कापाव्याच लागतात. ४:३ चौकटीत चित्रण करता येणारा कॅमेरा असेल तर २.६७ मिळते, आणि दुप्पट दाबाची लेन्स घेणे सार्थकी लागते. नसेल तर १.३३ दाबाची पाहावी. ती १६:९ वर २.३७ देते, जे सिनेमाच्या रुंदीजवळचे आहे. पुष्कळ खरेदीदार हा गुणाकार पैसे मोजल्यावर करतात.

बँकेत तारण पाहताना आम्ही कागदाआधी माल पाहत असू. येथेही नावाला भुलू नये. अंधाऱ्या खोलीत लेन्समधून विजेरीचा झोत टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर दोन काचांमधील चिकटद्रव्य सुटले आहे. बारीक धूळ चालेल. ‘उघडून साफ करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे, कारण आतील काचांची परस्पर दिशा किंचित ढळली तरी लेन्स निकामी होते. शक्य तर आपला कॅमेरा नेऊन विटांच्या भिंतीचे चित्र घ्यावे. रेषा तिरक्या दिसल्या आणि लेन्स फिरवूनही सरळ झाल्या नाहीत, तर परत फिरावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? नवेगाव बांधचा जलाशय, भाताच्या बांध्यांत दूरवर उभी सारसांची जोडी, झाडीपट्टीच्या नाटकाचा दिव्यांनी उजळलेला मंच: ही दृश्ये मुळातच आडवी आहेत. दिव्यातून निघणारी लांब आडवी प्रकाशरेषा आणि मागच्या दिव्यांचे उभट लंबगोल संगणकावर नकलता येतात, पण ती नक्कल ओळखू येते, असे माझे मत. मंच अचल असतो, नटांचे अंतर आधी मोजता येते. या लेन्सला असे संथ काम मानवते.

आपल्या धानपट्ट्यात आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा ओल धरतात. लेन्स कातडी पेटीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि पुड्या दर महिन्याला तपासाव्यात.