तारीख कापलेला आदेश

गेल्या पंधरवड्यात एकाच आदेशाचा फोटो आमच्याकडे सात जणांनी पाठवला. सातही वेळा तारीख कापलेली, तळाची सही अर्धी. सोबत मजकूर तोच: ‘गड बंद. सर्वांना कळवा.’ कोणता गड, कुठल्या वाटेनं, कधीपर्यंत, हे सातांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला तर तिसऱ्या ओळीत फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १४४! १ जुलै २०२४ पासून ती संहिताच उरलेली नाही. आता असे आदेश निघतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. शिवाय १४४ काय नि १६३ काय, राज्य शासनानं मुदत वाढवली नाही तर आदेश दोन महिन्यांत संपतो. म्हणजे हा मेलेला कागद आहे, आणि आपण तो खांद्यावर घेऊन ग्रुपाग्रुपांत फिरतोय.

कार्यालयांनाही सोडता येत नाही. ‘धबधबे, गडकिल्ले व धोकादायक ठिकाणे’ एवढ्यावर त्यांचं भागतं. गाव नाही, वाट नाही. हरिश्चंद्रगडच घ्या. गड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्हा. खिरेश्वरहून तोलारखिंडीनं निघालात तर पाय जुन्नरमध्ये, म्हणजे पुणे जिल्ह्यात. नळीची वाट बेलपाड्याहून, ती मुरबाडची, ठाणे जिल्हा. साहेब तीन, आदेश तीन, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर नाही. वर अभयारण्य आहे ते वेगळंच. मागच्या श्रावणात आमची तुकडी खिरेश्वरातून परत फिरवली गेली. त्याच संध्याकाळी पाचनईनं चढलेली मंडळी वर झापात बसून पिठलं-भाकरी खात होती. फोटो आला ना आम्हाला!

पाण्याचीही तीच तऱ्हा. रतनवाडी, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई असा पल्ला मारणाऱ्याचं सगळं गणित पाण्यावर. मार्चअखेरीस ‘टाकं भरलंय’ म्हणून जो फोटो फिरला, त्यात टाक्याच्या कडेला सोनकी फुललेली होती. अहो, सोनकी भाद्रपदात फुलते! त्यावर विसंबून कुणी एकच बाटली घेऊन निघालं असतं तर?

पाच ग्रुप, पाचांत तीच माणसं. चूक पाचही ठिकाणी जाते. दुरुस्ती मात्र जिथे कुणी भांडलं तिथेच राहते, उरलेल्या चारांत चूक सुखानं नांदते. नवा सहावा ग्रुप काढून हे सुटणार नाही, तेव्हा कृपा करून काढू नका.

दिवाळीपासून ज्यांनी रेंज ट्रेक केले असतील त्यांनी पाण्याच्या नोंदी पाठवाव्यात. टाकं कोणतं, पाणी किती हात खाली, कोणत्या तारखेला पाहिलं. तारीख नसलेली नोंद छापणार नाही, मग ती कितीही जुन्या भटक्याची असो. आणि त्या सात जणांनी आदेश जिथे जिथे टाकला, त्या प्रत्येक ग्रुपात जाऊन तो जुना असल्याचं लिहावं. आजच.