टक्केवारीच्या छेदात कोण?

बारावीचे दिवस आले की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : अमुक ठिकाणी प्रवेश मिळणे किती कठीण? उत्तरादाखल हल्ली टक्केवारी पुढे केली जाते. शंभरांपैकी जितक्या कमी मुलांना प्रवेश, तितकी संस्था थोर, असा सरळ हिशेब. याच हिशेबावर आईवडिलांची पुंजी आणि मुलांची उमेदीची वर्षे पणाला लागतात. म्हणून तो एकदा तपासून पाहायला हवा.

दोन सरकारी संस्था घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडे २०२२ साली पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. त्यांपैकी साधारण ९ टक्के मुलांना प्रवेश देऊ करण्यात आला. आपल्याकडे २०२४ साली आयआयटीची ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ सुमारे १ लाख ८० हजार मुलांनी दिली. जागा होत्या १७,७४०, म्हणजे शंभरामागे जवळपास १०. वरवर पाहता दोन्ही दारे सारखीच अरुंद!

पण शाळेतला अपूर्णांक आठवा. अंशाखाली छेद असतो. आयआयटीच्या या छेदात शिरण्याआधी ‘जेईई मेन’ची चाळणी लागते. त्या वर्षी ती १४ लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि पुढच्या परीक्षेचे दार सुमारे अडीच लाखांनाच उघडले. ते १४ लाख छेदात धरले, तर दहाचे सव्वा होतात.

कॅलिफोर्नियात उलटा प्रकार. तिथे अर्ज एकच. प्रत्येकी शुल्क भरून नऊपैकी हव्या तितक्या शाखांवर खूण करायची. २०२० च्या मे महिन्यात ‘सॅट’ परीक्षेची सक्ती उठवण्याचे ठरले आणि अर्जांचा लोंढा आला. लॉस एंजेलिसचे २०२० चे १ लाख ९ हजार अर्ज दोन वर्षांत दीड लाखांवर गेले. वर्ग तेच, प्राध्यापकही बहुतेक तेच. शाखा मात्र कागदावर अधिक ‘दुर्मीळ’ झाली. शिवाय तिथल्या अंशात प्रवेश देऊ केलेले सगळे मोजतात, आणि त्यांतले सुमारे निम्मे येतच नाहीत. आयआयटीच्या हिशेबात आपण जागा मोजल्या.

एकत्रित आकडा आणखी एक गोष्ट झाकतो. १९७३ साली याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पदव्युत्तर प्रवेशासाठी पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के निवडले गेले, स्त्रियांपैकी ३५. अन्याय उघड वाटत होता. विभागवार आकडे मांडले तेव्हा तो फरक जवळजवळ विरला. स्त्रियांचे अर्ज अधिक करून जिथे सर्वांनाच प्रवेश कठीण, अशा विभागांकडे गेले होते. आपल्या मुलालाही संपूर्ण विद्यापीठात नव्हे, एका विशिष्ट विभागात जायचे असते.

दाराबाहेर किती जण ताटकळले, एवढेच टक्केवारी सांगते. आत कोण शिकवते, किती विद्यार्थी पदवी पुरी करतात, खर्च किती, हे आपणच विचारायचे. आणि नकाराचे पत्र हाती आलेल्या मुलाला जवळ घेऊन सांगायचे, की हा आकडा तुझी लायकी मोजत नाही. तुझ्यासोबत रांगेत किती जण होते, ते मोजतो.